दोन दीर्घिकांच्या मधला शनिवार

ताई,

तेरा नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी अकराचा सुमार. माझ्या नावावर शिल्लक रजा एकशे चौऱ्याऐंशी दिवस. हजर तिघं: डायलिसिसच्या मशीनला जोडलेली तू, पायाशी स्टुलावर डुलक्या काढणारे दाजी आणि डोंबिवलीहून अर्धा दिवस काढून आलेला मी. तू मोकळ्या हाताने उशीखालून एक कागद काढलास आणि माझ्या पुढ्यात आपटलास.

"विजू, दिवाळी झाली. मुदत संपली होती, तुझ्यासाठी वाढवलीय. भर."

कागद ओळखीचा होता. रजेचा अर्ज. वर 'मा. वर्गशिक्षिका यांस', खाली तीन रिकाम्या जागा: कुठे जायचे आहे, किती दिवस, कारण.

मी म्हटलं, "शिल्लक बघून सांगतो."

"शिल्लक कसली बघतोस? खर्च धरायचा नाही, वेळ धरायचा नाही, अंतर धरायचं नाही. अख्खं विश्व मोकळं आहे. कुठे जाशील?"

"खर्च नाही, वेळ नाही, अंतर नाही. मग ठरवायचं कशावर?"

"तेच तर विचारतेय, मुनीम."

दाजी जागे होऊन म्हणाले, "चहा आला का?" तू इतकी हसलीस की मशीन ओरडायला लागलं आणि सिस्टर धावत आल्या. विषय तिथेच तुटला. निघताना मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. रविवारी पहाटे तू गेलीस.

हे पत्र कशासाठी लिहितोय ते आधीच सांगतो, कारण फिरवून बोलणं मला जमत नाही. पस्तीस वर्षं तू हा प्रश्न विचारत आलीस. पोरांना, त्यांच्या आईबापांना, दाजींना, मला. मी तुला एकदाही उलट विचारलं नाही, की ताई, तू कुठे जाशील? तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, मानपाड्याला कारखान्याच्या गेटमधून आत जाताना हे डोक्यात आलं, आणि तेव्हापासून मी एका जागी धड बसलेलो नाही. जेवताना उठतो. पगाराच्या कागदांवर सह्या करताना मध्येच पेन खाली ठेवतो. दोन वेळा बेरीज चुकली. माझी बेरीज, ताई.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर तुझ्या मुक्ताने माळ्यावरून तीन पिशव्या उतरवल्या. तुझ्या वर्गाचे सगळे अर्ज. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला तू पोरांकडून हे लिहून घ्यायचीस आणि प्रत्येकावर लाल पेनाने शेरा मारायचीस, हे मला माहीत होतं. पण ते जपून ठेवायचीस हे नव्हतं माहीत. "मामा, तुम्ही लावा नीट, मला बघवत नाही," असं म्हणून मुक्ता स्वयंपाकघरात गेली. मी पिशव्या डोंबिवलीला आणल्या. वर्षवार लावल्या. खरं सांगतो, लावायला बसलो ते तुझा अर्ज शोधायला. इतकी वर्षं दुसऱ्यांचे अर्ज मंजूर करणाऱ्या बाईने एखाद्या दिवाळीला स्वतःचा एक लिहिला असेल, असं मी धरून चाललो होतो.

काय काय आहे त्या पिशव्यांत! एक पोरगा लिहितो, 'मला शुक्रावर जायचे आहे. शुक्राची स्वतःभोवती एक फेरी म्हणजे आपले दोनशे त्रेचाळीस दिवस असे बाईंनी शिकवले. तरी मला फक्त एक दिवसाची रजा मिळावी, शुक्राच्या हिशोबाने.' तुझा शेरा: 'मंजूर. गृहपाठही शुक्राच्या हिशोबाने.' एका मुलीला आजोबांना चंद्रावर न्यायचं होतं, तिथे वजन कमी भरतं म्हणून, गुडघे दुखणार नाहीत. तिला तू लिहिलंस, 'मंजूर. आजोबांना विचारलेस का?' दाजींचा एक सापडला: 'कोठेही, पण जेवण झाल्यावर.' आणि मुक्ताचा, तिसरीतला. त्या दिवशी तुमचं भांडण झालेलं दिसतंय. 'जिथे आई नसेल अशा ग्रहावर. दिवस: कायम.' तुझा शेरा: 'मंजूर. पाण्याची बाटली ने.'

मी हा शेरा सुनंदाला वाचून दाखवला. माझी बायको तुझ्याबद्दल बोलताना रडत नाही, हे तुला माहीतच आहे, ती भांडी घासायला घेते. त्या रात्री तिने घासलेली भांडी पुन्हा घासली.

एकूण एक कागद पाहिला. तू कोणाचाच नामंजूर केलेला नाहीस. एकाने नुसतं 'लांब' लिहिलं होतं, त्यालाही मंजुरी. आणि तुझा अर्ज नाही. मी तिन्ही पिशव्या पुन्हा पाहिल्या. नाही.

दाजींना फोन केला. "दाजी, ताई कुठे जाणार होती हो?"

"कुठे म्हणजे? अरे, घरीच होती की ती."

"तसं नाही. तिचा तो प्रश्न. तिचं स्वतःचं उत्तर काय होतं?"

त्यांनी टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "आपण सांगायचो आणि ती ऐकायची. उलटं कधी झालं नाही, विजय." आणि मग, "मला वाटायचं तुला माहीत असेल."

मला वाटायचं त्यांना माहीत असेल. मुक्ताला वाटायचं बाबांना माहीत असेल. तुझ्या शाळेतल्या दोन बाई भेटायला आल्या होत्या, त्यांना विचारलं. त्यांना वाटायचं घरच्यांना माहीत असेल. आम्ही सगळे मिळून किती जण, ते मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

मी माझ्या परीने अंदाज बांधायला लागलो. तू भूगोल शिकवायचीस, म्हणजे शनी, कडी बघायला. मग वाटलं, हे तर शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मग वाटलं, तू अशी लांब जाशील की नौपाड्यातल्या आपल्या जुन्या खोलीतला उजेड आत्ता कुठे तिथे पोचत असेल. तिथून वळून बघितलंस तर बाबा दारात सायकल पुसताना दिसतील. हे मला फार पटलं. अंतरही काढलं. एकेचाळीस वर्षांपूर्वीचा उजेड, म्हणून एकेचाळीस प्रकाशवर्षं. आणि ते अंतर दर दिवसाला दोन हजार पाचशे नव्वद कोटी किलोमीटरने वाढतंय हेही काढलं. मग लक्षात आलं की हे तुझं उत्तर नाही, हे माझं. मलाच बाबांना बघायचंय. तुझ्या नावाखाली मी स्वतःचाच अर्ज भरत होतो.

चार डिसेंबरला, गुरुवारी, डायलिसिस सेंटरला गेलो. तुझी शाल आणि चपला तिथल्या कपाटात राहिल्या होत्या. सिस्टर आग्नेस होत्या ड्युटीवर. मी नाव सांगितलं तशा त्या थबकल्या.

"तुम्ही भाऊ ना? परतीवाले?"

"परतीवाले म्हणजे?"

"टीचर बोलायच्या ना. माझा एक भाऊ आहे, त्याला स्वर्गात जा सांगितलं तर पहिला विचारेल, परतीची गाडी किती वाजता." त्या हसल्या आणि लगेच तोंडावर हात धरला. "सॉरी हां."

मी म्हटलं, सॉरी नको. खरंच आहे ते. ताई, तू मला पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मी ताशी साठ किलोमीटरचा वेग धरून सांगितलं होतं, चंद्र दोनशे सदुसष्ट दिवस, न थांबता, आणि परतीचे धरून पाचशे चौतीस. तू म्हणालीस, "परतीचे कोणी मागितले?" मी म्हटलं, "परत यायचं नसेल तर त्याला प्रवास म्हणत नाहीत." आपलं हे भांडण पस्तीस वर्षं चाललं. तुझा मुद्दा मला आजही पूर्ण पटलेला नाही, हेही सांगून ठेवतो. पण माझा मुद्दा मांडताना मी कधी बघितलंच नाही की जिच्याशी भांडतोय तिला जायचं कुठे आहे.

आणि मग मी सिस्टरना विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं, आशा नव्हती.

त्या म्हणाल्या, "हो, मी विचारलेलं ना. पहिल्याच महिन्यात. मला त्यांनी कागद दिला भरायला. मी लिहिलं, आमच्या गावच्या समुद्रासारखा समुद्र असेल असा कुठलाही ग्रह, पण मासळी पाहिजे. मग मी बोलले, टीचर, आता तुमचं काय? तर बोलल्या, मला कोणी विचारलं नाही गं आजवर, थांब, विचार करते. पुढच्या शनिवारी आल्यावर सांगितलं."

मी उभाच होतो. त्यांनी स्टूल पुढे केलं, मी बसलो नाही.

"बोलल्या, आपली आकाशगंगा आणि शेजारची ती दुसरी, देवयानी, त्या दोन दीर्घिकांच्या मधोमध. मी विचारलं, तिथे काय आहे? बोलल्या, काहीच नाही. तारा नाही, ग्रह नाही, काळोख. म्हणून तर. तिथे कोणी माझी वाट बघत नसेल."

"मग?"

"मग मी बोलले, किती दिवस, टीचर? मला वाटलं कायमचं बोलतील. इथे लोक बोलतात तसं. तर बोलल्या, एक शनिवार. एक शनिवार पुरे. रविवारी पाहुणे असतात."

"आणि कारण? तिसरा रकाना असतो त्यात."

"कारणाचं मी विचारलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "शनिवार मागतं कोणी तर कारण काय विचारायचं?"

ताई, मी शाल घेतली, चपला घेतल्या, आणि नौपाड्याच्या रस्त्यावरून चालत सुटलो. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. तुझी जागा साडेबारा लाख प्रकाशवर्षांवर आहे, हा हिशोब चालता चालता आपोआप झाला, देवयानी पंचवीस लाख, त्याचं निम्मं. पण माझ्या डोक्यात घोळत होता तो आकडा वेगळाच होता. बहात्तर.

आईला विसरायला व्हायला लागलं तेव्हा वेळापत्रक मी केलं होतं. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. सोमवार संध्याकाळी सात ते शुक्रवार संध्याकाळी सात डोंबिवलीला, शहाण्णव तास. शुक्रवार सात ते सोमवार सात ठाण्याला तुझ्याकडे, बहात्तर. मी कागद तुझ्यापुढे ठेवून म्हटलं होतं, "बघ, जास्त मी घेतलेत. आणि शनिवार तुझ्याकडे ठेवलाय, कारण शनिवारी तुझी शाळा अर्धाच दिवस असते." तू कागद वाचलास आणि म्हणालीस, "चोख आहे." मला त्याचा केवढा अभिमान होता. लोकांची भावंडं आईवरून कोर्टात जातात, आमच्याकडे आवाज चढला नाही, असं मी चारचौघांत सांगायचो.

शनिवारी अर्धा दिवस शाळा असते म्हणजे तुझ्याकडे अर्धा दिवस रिकामा आहे, असं मी धरलं. तो अर्धा दिवस तुझा आहे, हे धरलं नाही. नऊ वर्षं. चारशे अडुसष्ट शनिवार. आई इस्पितळात होती ते अकरा वजा, चारशे सत्तावन्न. आई गेली त्याच वर्षी तू निवृत्त झालीस. तुझ्या हातात शनिवार आले आणि पुढच्या दिवाळीच्या आत मशीनला लागले. मंगळ, गुरू, शनी. डायलिसिसचे वार ठरले तेव्हा तूच हसून म्हणाली होतीस, "बघ, ग्रहांवर जायची सोय झाली." मीही हसलो होतो.

मला तुझा रागही आला. तोही लिहितो, कारण त्यावाचून हे खोटं होईल. तलावपाळीच्या कठड्याला टेकून मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. बोलली का नाहीस? एक शब्द टाकला असतास तर मी वेळापत्रक बदललं नसतं का?

आणि भांडता भांडताच आठवलं की तू टाकला होतास. एकदाच. आईच्या आजारपणाच्या सहाव्या की सातव्या वर्षी, गुरुवारी फोन आला होता. "विजू, या शनिवारी आईला तिकडेच ठेवशील?"

"का गं? काही कार्यक्रम आहे?"

"नाही, काही नाही. असंच."

"असंच म्हणजे? बरं नाही का? कोणाकडे जायचंय?"

"नाही रे. असंच एक दिवस."

"काही कारण असेल तर बघू या," मी म्हणालो होतो, अगदी नीट आवाजात, रजा मागणाऱ्या कामगाराला सांगतो तसा. तू म्हणालीस, "राहू दे, आणून सोड." मी आणून सोडलं. सातच्या ठोक्याला.

घरी येऊन सुनंदाला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तो फोन मला आठवतो. मी ओट्याशी होते. मी इकडेच राहू देत म्हटलं असतं, आईंचं माझ्याकडेच असायचं सगळं. तुमचे शहाण्णव तास कसले? तुम्ही सकाळी सातला घराबाहेर. पण तुम्ही मला विचारलंत कुठे?"

म्हणजे तोही आकडा माझा नव्हता.

रात्री तू दिलेला कोरा अर्ज घेऊन बसलो. आता भरू, म्हटलं, निदान तुझी मुदत पाळू. पहिल्या जागेत 'दोन दीर्घिकांच्या मधोमध, ताईजवळ' असं लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. मी तिथे आलो तर ती जागा तुझी राहत नाही. तू कडेला सरकून म्हणशील, "ये, जेवलास का?" तिथेही तू उठशील. मी कागद परत मिटला. तो कोराच आहे, आणि कुठे जायचं ते मला अजून कळलेलं नाही. खर्च, वेळ आणि अंतर काढून टाकल्यावर माझ्याकडे काय उरतं, ते बघायची सवयच नाही. बघतोय.

तुझे आभार मानायचेत, ते कुठल्या शब्दांत ते सापडत नाही. तू मला कधी 'कंजूष' म्हणाली नाहीस, 'मुनीम' म्हणालीस. माझं पहिलं गणित चुकलं तेव्हा बाबांना न सांगता तू पाटी पुसून दिलीस. आणि त्या कोऱ्या अर्जाची मुदत तू वाढवलीस. स्वतः मशीनवर असताना, माझ्यासाठी. क्षमा मागायची तर कोणाकडे मागू? तू नसताना मागितलेली क्षमा मला फुकटात सुटल्यासारखी वाटते.

या मंगळवारी मुक्ताचा फोन आला. तू गेल्यापासून दाजींचं सगळं तीच बघते. त्यांची साखर, डोळ्यांचे थेंब, रात्री दोनदा उठणं, आणि तिची नोकरी. तिचा आवाज अगदी तुझ्यासारखा झालाय, शेवटचा शब्द हळू.

"मामा, या शनिवारी बाबांना तुमच्याकडे ठेवाल?"

माझ्या तोंडात 'का गं' आलं होतं. दातांपर्यंत आलं होतं, ताई.

"ठेवतो," मी म्हणालो. "मीच न्यायला येतो."

"नाही, म्हणजे काही विशेष नाहीये, मी फक्त..."

"मुक्ता, मी विचारलं नाही."

ती म्हणाली, "मग किती वाजता परत आणाल?"

"तू सांगशील तेव्हा."

आज शनिवार, तेरा डिसेंबर. सकाळी सातला मी नौपाड्यात तुझ्या घरी होतो. दाजी तयार बसले होते, थेंबांची बाटली हातात घट्ट धरून. मुक्ताच्या खांद्याला एक छोटी पिशवी होती. खाली तिने आमच्यासाठी एक रिक्षा थांबवली आणि स्वतःसाठी दुसरी. तिने रिक्षावाल्याला "खोपट" सांगितलं तेवढं मी ऐकलं. खोपटला एसटीचा डेपो आहे. तिथून गाड्या कुठेही जातात.

दिवसभर दाजी विचारत होते, "पोरीचा फोन आला?" मी नाही म्हणत होतो. दोनदा मीच मोबाईल हातात घेतला आणि दोन्ही वेळा सुनंदाने बघितलं आणि मी खाली ठेवला. दुपारी दाजींना थेंब घातले, एक थेंब गालावर गेला. "तिचा हात हलका आहे," दाजी म्हणाले. कोणाचा ते त्यांनी सांगितलं नाही. मी खिडकीशी गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. वाट न बघणं हे काम आहे, ताई. मला येत नाही, आज शिकायला बसलोय.

आता संध्याकाळचे सात वाजलेत. तिचा फोन आलेला नाही. मी केलेला नाही. तुझे चारशे सत्तावन्न आता तुला देता येत नाहीत, आणि दुसऱ्या कोणाला देऊन ते फिटतात असं मी मानत नाही. ते माझ्याकडेच राहतील. आज दिला तो एक शनिवार, पूर्ण, मुक्ताला. कारण विचारलेलं नाही.

विजू